पिंडी एक, ब्रह्मांडी दुसरे : ग्रहकक्षांच्या कलाचा इतिहास

१

‘पिंडी ते ब्रह्मांडी’ हे वचन मराठी माणसाच्या बोलण्यात इतके मुरले आहे की त्याची पारख करून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. अध्यात्माच्या क्षेत्रात या वचनाचा अर्थ काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. परंतु एखाद्याने ते अक्षरशः घेतले आणि आकाशाकडे पाहून विचारले की, ज्या प्रतलात पृथ्वी आणि इतर ग्रह सूर्याभोवती फिरतात त्याच प्रतलात सूर्यासह कोट्यवधी तारे आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतात काय, तर त्यास काय उत्तर द्यावे?

उत्तर नकारार्थी आहे, आणि ते थोडक्याने नकारार्थी नाही. ग्रहांच्या कक्षांचे प्रतल आणि आकाशगंगेचे प्रतल यांत सुमारे ६० अंशांचा कोन आहे. दोन थाळ्यांपैकी एक जमिनीवर सपाट ठेवावी आणि दुसरी तिच्यावर जवळजवळ उभी करावी, तसा हा प्रकार आहे. विशेष म्हणजे हे पाहण्यास दुर्बीण लागत नाही. सूर्य, चंद्र आणि ग्रह ज्या मार्गाने नक्षत्रांतून सरकताना दिसतात तो क्रांतिवृत्ताचा पट्टा, आणि काळोख्या रात्री दिसणारा आकाशगंगेचा दुधाळ पट्टा, हे दोन्ही आकाशाला वेढणारे आहेत. ते एकमेकांना दोनच ठिकाणी छेदतात : एकदा वृषभ-मिथुनेच्या सीमेवर आणि एकदा वृश्चिक-धनूच्या परिसरात. दोन्ही प्रतले एकच असती, तर गुरू आणि शुक्र आपल्याला सदैव आकाशगंगेच्या पट्ट्यातच दिसले असते. प्रत्यक्षात ते सिंहेत किंवा कन्येत असतात तेव्हा त्या पट्ट्यापासून पुष्कळच दूर असतात.

म्हणजे हे तथ्य हजारो वर्षे उघड्या डोळ्यांसमोर होते. दुसऱ्या शतकात टॉलेमीने आपल्या ‘अल्माजेस्ट’ या ग्रंथात आकाशगंगेचा पट्टा कोणकोणत्या ताऱ्यांवरून जातो याचे तपशीलवार वर्णन केले आहे, आणि क्रांतिवृत्त तर त्याच्या साऱ्या गणिताचा कणाच होते. तरीही या दोहोंतील कोनाला काही अर्थ आहे असे वाटण्यास विसावे शतक उजाडावे लागले. असे का झाले, हा आमच्या मते केवळ खगोलशास्त्राचा प्रश्न नाही. साम्यावरून अनुमान करण्याची जी मानवी खोड आहे, तिच्या सामर्थ्याचा आणि मर्यादेचा हा इतिहास आहे. साहित्याच्या अभ्यासकांचे सारे आयुष्य उपमेच्या सहवासात जाते. म्हणून या इतिहासाची दखल आपण घ्यावी असे आम्हांस वाटते.

२

कोनाचा प्रश्न प्रथम उपस्थित झाला तो सूर्यमालेच्या आत. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने एका पारितोषिकासाठी विषय ठेवला होता : ग्रहांच्या कक्षा सूर्याच्या विषुववृत्ताशी कललेल्या आहेत, याचे भौतिक कारण काय? १७३४ मध्ये हे पारितोषिक दोघांत विभागून देण्यात आले. ते दोघे होते योहान बर्नुली आणि त्यांचा मुलगा डॅनिएल. मुलाला आपल्या बरोबरीने बसवले गेले हे पित्यास रुचले नाही, आणि त्यावरून दोघांत कायमचे वितुष्ट आले. घरगुती कलहाची ही कथा प्रसिद्ध आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती डॅनिएलने केलेली आकडेमोड.

त्याच्या काळी पृथ्वी धरून सहा ग्रह ठाऊक होते. त्यांच्या कक्षांचा परस्परांशी असलेला जास्तीत जास्त कोन सुमारे ७ अंश होता. डॅनिएलने विचारले : या कक्षा निव्वळ योगायोगाने वाटेल तशा मांडल्या गेल्या असत्या, तर त्या इतक्या जवळजवळ येण्याचा संभव किती? एका हिशेबाने त्याचे उत्तर सुमारे १४ लाखांत एक असे आले. इतका क्वचित संभव योगायोगावर सोडता येत नाही. तेव्हा यामागे काही समान कारण असलेच पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याने सुचवलेले कारण, म्हणजे सूर्याभोवती फिरणारे वातावरण ग्रहांना हळूहळू सूर्याच्या विषुववृत्ताकडे ओढते हे, पुढे टिकले नाही. परंतु युक्तिवादाची रीत टिकली. रचनेत एकसारखेपणा दिसला की तिच्या जन्माकडे बोट दाखवावयाचे, ही ती रीत होय.

या रीतीला आकाशगंगेपर्यंत ताणण्याचे धाडस एकवीस वर्षांनी झाले. डरॅमच्या टॉमस राइट याने १७५० मध्ये विश्वाच्या रचनेविषयी एक विलक्षण ग्रंथ प्रसिद्ध केला. आपण ताऱ्यांच्या एका पातळ थरात आहोत. थराच्या दिशेने पाहिले की असंख्य तारे एकामागे एक येऊन त्यांचा पट्टा दिसतो आणि आडव्या दिशेने पाहिले की तारे विरळ दिसतात, ही कल्पना त्यात होती. राइटचा कल धर्मशास्त्राकडे होता. विश्वाच्या मध्यभागी त्याला दैवी सत्ता हवी होती, आणि आपला थर एखाद्या प्रचंड गोल कवचाचा तुकडा असावा असेही त्याने सुचवले होते. या ग्रंथाचा गोषवारा १७५१ मध्ये हॅम्बुर्गच्या एका नियतकालिकात आला आणि तो क्योनिग्सबर्गच्या एका तरुणाने वाचला. त्याचे नाव इमॅन्युएल कांट.

कांटने मूळ ग्रंथ पाहिलेला नव्हता. कदाचित त्यामुळेच राइटच्या कल्पनेतील धर्मशास्त्र गळून पडले आणि भूमिती तेवढी उरली. १७५५ मध्ये निनावी प्रसिद्ध केलेल्या ‘आकाशाचा सामान्य निसर्गेतिहास आणि सिद्धांत’ या ग्रंथात कांटने एक उपमा मांडली. ग्रह जसे एका सामाईक प्रतलाच्या आसपास राहून सूर्याभोवती फिरतात, तसे तारेही एका सामाईक प्रतलाच्या आसपास राहून एका केंद्राभोवती फिरत असले पाहिजेत. ग्रहांना जसे राशिचक्र, तशी ताऱ्यांना आकाशगंगा. धूमकेतू जसे ग्रहांचे प्रतल सोडून भटकतात, तसे पट्ट्यापासून दूर विखुरलेले तारे. आणि दुर्बिणीतून दिसणारे लांबट, फिकट डाग म्हणजे दूरवरून कोनात दिसणाऱ्या अशाच इतर आकाशगंगा.

या उपमेने जे दिले त्याचे मोल फार मोठे आहे. तारे स्थिर नसून फिरत आहेत, आकाशगंगा ही चपटी तबकडी आहे आणि विश्वात अशा असंख्य दीर्घिका आहेत, या तिन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या. त्यांपैकी तिसरी सिद्ध होण्यास एडविन हबलच्या १९२४-२५ मधील निष्कर्षांची वाट पाहावी लागली. दुर्बिणीला एकशे सत्तर वर्षे लागली ते एका तरुणाने केवळ साम्याच्या बळावर गाठले. त्याच उपमेने त्यास चकवलेही : आकाशगंगेलाही सूर्यासारखाच एक मध्यवर्ती तारा असला पाहिजे असे मानून त्याने व्याधाची निवड केली. व्याध आपल्या अगदी शेजारचा तारा निघाला. रात्रीच्या आकाशात तो सर्वांत तेजस्वी दिसतो याचे एक मोठे कारण त्याचे ते सान्निध्यच आहे.

ग्रंथाचे नशीबही असे की प्रकाशकाचे दिवाळे निघाले आणि प्रती वाचकांपर्यंत फारशा पोहोचल्याच नाहीत. कांटची उपमा पुढील पिढीच्या निरीक्षकांना ठाऊक असण्याचे फारसे कारण उरले नाही.

३

अठराव्या शतकाच्या अखेरीस हा विषय दोन वाटांनी पुढे गेला. एक वाट विल्यम हर्शेलची. पेशाने संगीतकार असलेल्या या माणसाने स्वतःच्या हातांनी आरसे घासून मोठमोठ्या दुर्बिणी तयार केल्या आणि बहीण कॅरोलिन हिच्या साहाय्याने आकाशाची अक्षरशः मोजदाद केली. सूर्य आपल्या ग्रहांसह शौरी तारकासमूहाच्या दिशेने सरकत आहे, हे त्याने १७८३ मध्ये दाखवले. १७८५ मध्ये आकाशाच्या सुमारे ७०० भागांतील तारे मोजून त्याने आकाशगंगेचा पहिला नकाशा काढला. त्यात सूर्य जवळजवळ मध्यभागी होता. ताऱ्यांचा प्रकाश वाटेतील धुळीत अडतो हे त्याला ठाऊक नव्हते. त्यामुळे सर्व दिशांना त्याची दृष्टी सारख्याच अंतरावर थांबत होती, आणि ज्याला सगळीकडे सारखेच दिसते त्याला आपण मध्यभागी आहोत असेच वाटणार.

दुसरी वाट पिएर-सिमाँ लाप्लासची. १७९६ मध्ये त्याने सूर्यमालेच्या उत्पत्तीची कल्पना मांडली : सूर्याभोवतीचे तप्त, फिरणारे वातावरण आकुंचन पावत गेले आणि त्याच्या कडेने सुटलेल्या वायूतून ग्रह झाले. सारे ग्रह एकाच दिशेने, जवळजवळ एकाच प्रतलात का फिरतात, याचे हे सरळ उत्तर होते. सूर्यमालेच्या एकूण कोनीय संवेगावरून ठरणारे एक ‘अचल प्रतल’ असते हेही लाप्लासने दाखवून दिले. ग्रहांच्या स्वतंत्र कक्षा एकमेकींच्या ओढीने डोलत राहतात, परंतु हे प्रतल आपली दिशा सोडत नाही.

एकीकडे आकाशगंगेचे प्रतल, दुसरीकडे सूर्यमालेचे अचल प्रतल. दोहोंचा कोन काढणे ही त्या काळीही फार कठीण गोष्ट नव्हती. परंतु तो कोन हा ‘प्रश्न’ होण्यासाठी आकाशगंगा स्वतः फिरते आहे आणि सूर्यमाला तिच्याच द्रव्यातून जन्मली आहे, या दोन्ही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. तोवर तो दोन असंबद्ध रेषांमधला कोन होता. घराची कौले आणि शेजारच्या टेकडीचा उतार यांतील कोनासारखा.

एक धक्का मात्र त्याच काळात बसला होता. १७८१ मध्ये हर्शेलने युरेनस शोधला आणि १७८७ मध्ये त्याचे दोन उपग्रह. या उपग्रहांच्या कक्षा क्रांतिवृत्ताशी जवळपास काटकोनात उभ्या असल्याचे पुढे स्पष्ट झाले. म्हणजे आपल्या मालेच्या आतच, एका ग्रहाच्या घरात, वेगळा नियम चालू होता. लहान व्यवस्था मोठ्या व्यवस्थेच्या अंगावर असली तरी तिचीच दिशा घेईल असे नाही, याची ही पहिली सूचना होती.

४

आकाशगंगेचे केंद्र सापडले ते १९१८ मध्ये. अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेत काम करणाऱ्या हार्लो शॅप्लीने गोलाकार तारकागुच्छांची अंतरे मोजली. हे गुच्छ आकाशात सर्वत्र सारखे पसरलेले नसून त्यांची दाटी धनू राशीच्या बाजूस आहे असे त्यास आढळले. त्यांचे केंद्र तेच आकाशगंगेचे केंद्र, आणि सूर्य त्यापासून फार दूर, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याने काढलेले अंतर वाजवीपेक्षा बरेच मोठे होते; ते आज सुमारे २६ ते २७ हजार प्रकाशवर्षे मानले जाते. परंतु दिशा अचूक होती. १९२६-२७ मध्ये स्वीडनच्या बेर्टिल लिंडब्लाड आणि हॉलंडच्या यान ऊर्ट यांनी आकाशगंगा फिरते आहे हे सिद्ध केले. आता दोन्ही बाजूंना फिरणारी तबकडी होती, आणि म्हणून कोनाला अर्थ आला.

यानंतरचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे, कारण त्यात या कोनाने एका मोठ्या शोधाला जवळजवळ वाट चुकवली होती. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात होल्मडेल येथे कार्ल जान्स्की हा तरुण अभियंता रेडिओ-टेलिफोनमध्ये होणारी खरखर कुठून येते याचा शोध घेत होता. विजांच्या कडकडाटाखेरीज एक मंद, सततची खरखर त्यास ऐकू येई आणि तिची दिशा दिवसभरात आकाशातून फिरे. १९३१-३२ च्या हिवाळ्यात ती दिशा सूर्याशी इतकी जुळत होती की सूर्य हाच तिचा उगम असे समजणे स्वाभाविक होते. पण महिने गेले तशी ती सूर्यापासून दूर सरकू लागली. खरखर दर २४ तासांनी नव्हे, तर दर २३ तास ५६ मिनिटांनी त्याच जागी परतत होती, म्हणजे ताऱ्यांच्या घड्याळाने चालत होती. उगम धनू राशीच्या दिशेस, आकाशगंगेच्या केंद्राकडे होता. १९३३ मध्ये जान्स्कीने हे जाहीर केले आणि रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म झाला.

सुरुवातीस सूर्याचा भास का झाला? कारण प्रतले ६० अंशांनी कललेली असली तरी आकाशगंगेचे केंद्र ही विशिष्ट दिशा, दोन्ही पट्टे जेथे छेदतात त्या जागेच्या अगदी जवळ आहे. क्रांतिवृत्तापासून ती जेमतेम साडेपाच अंश दूर आहे, आणि दर डिसेंबरात सूर्य तिच्याजवळून जातो. ही जवळीक कायमची नाही. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती एक फेरी सुमारे २२ ते २५ कोटी वर्षांत पूर्ण करतो. या प्रवासात ग्रहांच्या प्रतलाची अवकाशातील दिशा जवळपास स्थिर राहते, पण केंद्राची दिशा सूर्याच्या दृष्टीने पूर्ण चक्कर मारते. पाऊण-एक फेरीचा हिशेब करण्याचीही गरज नाही. पाव फेरीनंतर, म्हणजे सहाएक कोटी वर्षांनी, केंद्र क्रांतिवृत्तापासून ६० अंशांच्या आसपास दूर गेलेले असेल. आपण ज्या काळात आकाशाकडे पाहू लागलो त्या काळात ते जवळ आहे, इतकेच.

याच जवळिकीचा एक परिणाम महाराष्ट्रातील वाचकांना सहज पडताळता येईल. डिसेंबरात केंद्र सूर्यामागे असते. ते मध्यरात्री सर्वांत उंच येते जूनच्या उत्तरार्धात, म्हणजे ऐन पावसाळी ढगांत. म्हणून आपल्याकडे आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग पाहावयाचा तर एप्रिल-मे महिन्यांत पहाटेच्या काळोखात जागावे लागते.

कोन नेमका ठरला तो रेडिओ लहरींनीच. हायड्रोजन अणू २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडतो, हे भाकीत जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये १९४४ साली हेंड्रिक व्हॅन डे हुल्स्ट याने केले. १९५१ मध्ये हार्वर्ड येथे हॅरल्ड युएन आणि एडवर्ड पर्सेल यांना त्या लहरी प्रत्यक्ष मिळाल्या. या लहरींना धूळ अडवत नाही. हर्शेलला ज्या पडद्याने फसवले तो त्यांच्यापुढे नव्हता. (पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना ज्या लहरी टिपू शकतात, त्यांत या २१ सेंटिमीटरच्या लहरीही आहेत.) हायड्रोजनचा थर अतिशय पातळ आणि सपाट आढळला. त्याच्या आधारे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने १९५८ मध्ये आकाशगंगेचे विषुववृत्त आणि ध्रुव नव्याने निश्चित केले. उत्तर ध्रुव अरुंधती केश या तारकासमूहात आला. क्रांतिवृत्ताच्या उत्तर ध्रुवाशी त्याचा कोन ६० अंशांहून किंचित अधिक आहे.

इथे आणखी एक बारकावा आहे. ‘उत्तर’ हे नाव संकेताने दिलेले असते. क्रांतिवृत्ताच्या उत्तर ध्रुवावरून पाहिले तर ग्रह घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरताना दिसतात. आकाशगंगेच्या उत्तर ध्रुवावरून पाहिले तर तारे काट्यांच्या दिशेने फिरताना दिसतात. म्हणून फिरण्याची दिशा जमेस धरली तर दोहोंच्या आसांतील खरा कोन ६० नसून सुमारे १२० अंश भरतो. आपली सूर्यमाला तिरपी तर आहेच, पण काटकोनाच्याही पलीकडे झुकून काहीशी उलटी फिरते आहे.

५

असे का व्हावे? लाप्लासच्या कल्पनेचा गाभा आजही ग्राह्य आहे : वायू आणि धूळ यांचा ढग आकुंचन पावला, फिरता फिरता चपटा झाला आणि त्या तबकडीत ग्रह घडले. सूर्यमाला जन्मली त्याला सुमारे ४५७ कोटी वर्षे झाली. प्रश्न असा की त्या ढगास फिरण्याची दिशा कोणी दिली. आकाशगंगेची तबकडी सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद. ज्या गाभ्यातून एखादा तारा घडतो तो एक प्रकाशवर्षाहूनही लहान. या दोन मापांच्या मधे वायूची प्रचंड खळबळ आहे : स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांचे धक्के, ढगांच्या टकरी, चुंबकीय क्षेत्रांची ओढाताण. नदी समुद्राकडे वाहते, पण तिच्यातला प्रत्येक भोवरा समुद्राच्या दिशेने फिरत नसतो. ढगाचा लहानसा गाभा कोणत्या अंगाने फिरेल हे त्या जागच्या खळबळीवर ठरते. आकाशगंगेच्या मोठ्या परिभ्रमणाचा ठसा तिथवर पोहोचेपर्यंत पुसून गेलेला असतो.

हे नुसते अनुमान नाही, याचा पुरावा इतर ताऱ्यांच्या ग्रहांनी दिला. १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिये केलो यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह जाहीर केला. १९९९ मध्ये महाश्व तारकासमूहातील एका ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह जाताना, म्हणजे त्याचे अधिक्रमण होताना, प्रथमच दिसले. अधिक्रमण दिसण्यासाठी ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेत असावी लागते. सगळ्याच ग्रहमाला आकाशगंगेला समांतर असत्या, तर अधिक्रमणे आपल्याला फक्त आकाशगंगेच्या पट्ट्यातील ताऱ्यांवरच दिसली असती. महाश्वातील तो तारा पट्ट्यापासून २८ अंशांहून अधिक दूर आहे. २०१८ मध्ये सोडलेल्या ‘टेस’ या उपग्रहाने तर जवळजवळ सारे आकाश चाळून चहूदिशांना अशी अधिक्रमणे टिपली आहेत. ग्रहमाला आकाशगंगेत वाटेल तशा कललेल्या आहेत.

तरी निष्कर्षाची घाई करू नये, असे बजावणारे एक उदाहरण आहे. मँचेस्टर विद्यापीठातील ब्रायन रीस आणि आल्बर्ट झाइल्स्ट्रा यांनी २०१३ मध्ये आकाशगंगेच्या मध्यवर्ती फुगवट्यातील १३० ग्रहीय तेजोमेघांचा अभ्यास प्रसिद्ध केला. (नाव तसे असले तरी ग्रहांशी त्यांचा संबंध नाही, ती मरणासन्न ताऱ्यांनी टाकलेली वायूची वस्त्रे आहेत.) त्यांतील फुलपाखरासारख्या दोन पंखांचे तेजोमेघ मनमानी दिशांना नव्हते, त्यांचे लांब आस आकाशगंगेच्या प्रतलाशी जुळू पाहत होते. अशा तेजोमेघांना आकार देणाऱ्या जोडताऱ्यांच्या कक्षा त्या प्रतलावर उभ्या असल्या पाहिजेत, असा त्याचा अर्थ लावण्यात आला आणि फार पूर्वीच्या प्रबळ चुंबकीय क्षेत्रांकडे कारण म्हणून बोट दाखवले गेले. म्हणजे मोठ्या व्यवस्थेचा ठसा कधीच उमटत नाही असेही नाही. तो कुठे उमटला आणि कुठे पुसला गेला, हे प्रत्येक ठिकाणी जाऊन मोजावे लागते.

६

दोन व्यवस्था जुळलेल्या असाव्यात ही ओढ मात्र मोजमापाने शमत नाही. २०१२ च्या डिसेंबरात जगबुडीची जी आवई उठली होती, तिचा एक धागा या छेदबिंदूशीच जोडलेला होता : त्या दिवशी सूर्य आकाशगंगेच्या मध्याशी ‘एका रेषेत’ येणार, असे सांगितले जाई. सूर्य दर डिसेंबरात तेथून जातोच. अयनचलनामुळे उत्तरायणारंभाचा बिंदू आकाशगंगेच्या विषुववृत्तावर आला खरा. परंतु बेल्जियमचे गणिती झाँ मीअस यांच्या गणिताने तो योग १९९८ चा. शिवाय अयनचलन ७२ वर्षांत एक अंश इतके मंद आणि सूर्यबिंब अर्धा अंश रुंद. तेव्हा असा ‘योग’ तीन-चार दशके पसरलेला असतो. त्याला एका दिवसाची तारीख देता येत नाही.

आपल्याकडे याच ओढीचे दुसरे रूप दिसते. आकाशगंगेचे केंद्र मूळ नक्षत्राच्या शेजारी आहे, आणि ‘मूळ’ या शब्दाचा अर्थच मुळी गाभा वा उगम. तेव्हा आपल्या पूर्वजांना केंद्र ठाऊक होते, असा युक्तिवाद केला जातो. ते केंद्र उघड्या डोळ्यांना दिसत नाही. धुळीच्या पडद्यामागील त्याची दिशा शॅप्लीला तारकागुच्छांच्या दाटीवरून काढावी लागली. नक्षत्रांची नावे फार प्राचीन आहेत आणि त्यांना स्वतःचे सांस्कृतिक अर्थ आहेत. त्या अर्थांचा अभ्यास करण्याऐवजी त्यांच्या अंगावर विसाव्या शतकाचा शोध चढवणे हा नावांवर अन्याय आहे, आणि शोधावरही.

७

साहित्याच्या वर्गात हा इतिहास कशासाठी, असे कोणी विचारील. इप्पोलित तेन याने १८६३-६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी साहित्याच्या इतिहासात वंश, परिवेश आणि युग या तीन शक्तींतून साहित्यकृती घडते असे मांडले. तेनचे नाव आज अभ्यासक्रमाच्या एका कोपऱ्यात उरले असले, तरी त्याची रीत आपल्या अध्यापनात ठाण मांडून बसली आहे. कालखंडाची वैशिष्ट्ये आधी फळ्यावर लिहावयाची, मग त्या कालखंडातील कवीमध्ये तीच वैशिष्ट्ये शोधावयाची. सापडली की कवी ‘प्रातिनिधिक’ आणि न सापडली की ‘अपवाद’. या उत्तरांना गुणही मिळतात. येथे आपण कांटची उपमा वापरत असतो, पण कांटइतक्या धाडसाने नव्हे. त्याने उपमेतून नवे प्रश्न काढले. आपण तिच्यातून तयार उत्तरे काढतो.

लेखक आपल्या काळाच्याच धुळीतून घडतो आणि त्या काळाबरोबरच वाहत जातो, यात शंका नाही. सूर्यमालेतील कणन् कण आकाशगंगेचा आहे आणि आकाशगंगेबरोबर ती अखंड फिरते आहे. एवढ्यावरून तिचा कल सांगता येत नाही. तो सांगण्यासाठी त्या लहानशा गाभ्याभोवतीची खळबळ पाहावी लागते : लेखकाने काय वाचले, कोणत्या बोलीत तो वाढला, कोणत्या संपादकाने त्याला छापले, कशाने तो दुखावला. क्वचित एखाद्या पंखदार तेजोमेघासारखी कृतीही आढळेल, जिच्यावर युगाचा ठसा लख्ख उमटला आहे. पण तो आहे हे आधी गृहीत धरून चालणार नाही.

आम्हीही येथे शेवटी एका उपमेवरच येऊन थांबलो आहोत, हे आम्हांस दिसते. उपमेशिवाय आपला इलाज नाही, आणि कांटचाही नव्हता. तिने सुचवलेला कोन कागदावर काढावा आणि मग आकाशाशी ताडून पाहावा, एवढाच आमचा आग्रह आहे. पुढच्या वेळी कालखंडाविषयीचा प्रश्न काढताना, त्या काळातील एखादी कृती त्या काळाशी किती अंशांनी कललेली आहे असे विद्यार्थ्यांना विचारून पाहावे. उत्तरे लांबतील आणि तपासावयास वेळ लागेल, पण त्यासाठी त्यांना ती कृती वाचावी लागेल.